जवसाचा वास

मोटारीने एक उचकी दिली, मग दुसरी, आणि बोरगाव मंजूच्या अलीकडे बाभळीखाली ती आपली आपणच उभी राहिली. पार्बताबाई पुढच्या गादीवर लेकाच्या शेजारी बसली होती. तिचं कपाळ समोरच्या काचेवर टेकलं. लागलं काही नाही. मागे शेवंतीच्या टोपल्या एकमेकींवर सरकल्या. महादेवनं उतरून मोटारीचं झाकण उचललं, तेव्हा निळसर धूर निघाला आणि धुरामागून वास आला. महादेव मोटारीला शिव्या देत होता. पार्बताबाई उतरली, पदर कमरेला खोचून लेकाच्या खांद्यावरून आत डोकावली. इंजिनावरून गेलेल्या तारा, काळं सूत वेटाळलेल्या, ओल्या चिंब होत्या. न्हाऊन तेल थापलेल्या बाईच्या वेण्यांसारख्या चमकत होत्या. तिनं एका तारेला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. पेट्रोल नव्हे. महादेव डब्यातून ओततो ते जाड, काळपट तेलही नव्हे. हा वास तिच्या घरातला होता. भाजीला, चटणीला, देवापुढच्या दिव्याला लागतं ते जवसाचं तेल. तिनं बोट टोपलीच्या गोणपाटाला पुसलं आणि लेकाला काही सांगितलं नाही. सांगण्याआधी कोण ते कळायला हवं होतं.

महादेव एका जाणाऱ्या दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून अकोल्याहून मिस्त्री आणायला गेला आणि ती एकटी मोटारीच्या पायरीवर बसून राहिली. सडकेवरून कापसाच्या रिकाम्या बैलबंड्या चालल्या होत्या. एक गाडीवान बैल थांबवून दात काढत म्हणाला, "बाई, जोडून देऊ का माही जोडी तुमच्या मोटारीले?" ती म्हणाली, "जोड ना. पन एक बैल कमी पडंन, तुलेच जुपाव लागंन." तो हसत हसत गेला; तिला हसू आलं नाही. शेवंतीच्या टोपल्यांवर ती ओलं फडकं फिरवत होती, आणि वास बोटाला होताच. हा रस्ता तिनं बैलगाडीनं किती वेळा केला होता. तेव्हा सांजेला निघायचं, मूर्तिजापुरात दिवसभर बैल सोडायचे, दुसऱ्या रात्री पुन्हा जुपायचे, दिवस वर आला की अकोल्याच्या बाजारात. फुलं पोचायची ती डोळे मिटलेली. मोटार घ्यायचं तिनंच ठरवलं. अकोल्याच्या एका वकिलानं नवी घेतली म्हणून जुनी काढली होती. मागची गादी कापून तिथं टोपल्यांना जागा केली. बडनेरा रोडवरचा मळा, बारमाही पाण्याची विहीर, अमरावतीतलं घर, बाजारातला ओटा, सगळं तिच्या शब्दानं चालत होतं. तिचा नवरा नत्थुजी मळ्यात राबायचा आणि घरात गप्प राहायचा. मोटारीसाठी बैल विकायचे म्हटलं तेव्हाही तो फक्त म्हणाला होता, "जशी तुही मर्जी." मग उठून गोठ्यात गेला होता. बैल गेले ते पोळ्याच्या आधी. या पोळ्याला तिच्या अंगणात तोरणाखाली उभं करायला जनावर नव्हतं. महादेवनं गंमत म्हणून मोटारीला झूल घातली होती, सून शालूनं तिला कुंकू लावलं होतं, गल्लीतली माणसं हसली होती. नत्थुजी तेव्हा कुठं होता ते तिला आठवेना.

मिस्त्री आला. तोंडात पान, हाताला काळ्या रेघा. त्यानं झाकणाखाली मान घातली, कुठलीशी काडी आत घालून बाहेर काढली, ती वर धरून पाहिली आणि पार्बताबाईकडे वळला. "बाई, इसका पेट गले तक भरा है. जितना चाहिये उस से कितना तो भी ज्यादा. गरम हुआ की तेल को जगह नहीं, वो जिधर से मिले उधर से ऊपर चढता है, और तारों पर बैठता है. रबर फूल गया देखो. अब करंट अपनी राह छोडके जिधर मन आया उधर भागता है."

"मी तं मापानंच टाकतो," महादेव म्हणाला.

"तुमने मापसे डाला होगा. किसी और ने बगैर मापके डाला." त्यानं बोटांवर तेल चोळलं. "और ये मशीन का तेल भी नहीं. तार कहीं चमकी तो आग लगेगी, भाई. हँसके मत लो."

महादेव तरीही हसला. मिस्त्री लोकांना बिल वाढवायला असं बोलावंच लागतं, म्हणाला. पण पार्बताबाईच्या कानात ते शब्द बसले. कोणी और. माळ्याच्या घरात मोटार आली हे डोळ्यांत खुपणारे बाजारात थोडे नव्हते. पण बाजारातला माणूस वैर करायला जवसाचं तेल आणणार नाही, तो मूठभर माती टाकेल, तार कापेल. तेल ओतणारा माणूस घरातला होता. घरी जाईपर्यंत ती एकेकाला मनातल्या मनात समोर उभं करत होती आणि त्याचे हात पाहत होती.

पहिला उभा राहिला पुंजाराम. वीस-बावीस वर्षं या घरची गाडी हाकलेला गाडीवान, आता मळ्यात नुसता कुदळ मारणारा. मोटारीजवळून जाताना तो थुंकायचा, हे तिनं पाहिलं होतं. घरी पोचल्यावर तिनं त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "कावून रे पुंजाराम, मोटारीवर तुहा राग हाये?" तो म्हणाला, "राग कायले, बाई? तिच्यासंग बोलता येत नाई, एवढंच." हे उत्तर तिला फार गुळगुळीत वाटलं. तिनं त्याच्यावर डोळा ठेवला. तो गोठ्याकडे वळला की ही धुणं वाळत घालायचं निमित्त काढून मागे. बैल गेल्यावर मोटार त्याच गोठ्यात ठेवत होते. गव्हाणी तशाच होत्या, दावी खुंट्यांना लटकत होती, आणि मध्ये ते लोखंडी धूड. पुंजाराम आत जाऊन कुदळ घ्यायचा आणि बाहेर यायचा. मग त्याच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि तो बाळापूरला गेला. तो गेला त्याच आठवड्यात अकोल्याच्या खेपेत मोटार पुन्हा उचक्या देत थांबली. पार्बताबाई सोबत नव्हती. पण महादेव घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला तोच वास होता.

मग तिच्या मनाच्या दारात शालू उभी राहिली. खरं तर ती सुरुवातीपासूनच उभी होती. पार्बताबाईनं तिच्याकडे पाहण्याचं लांबणीवर टाकलं होतं, एवढंच. शालू अकोल्याची. चार बुकं शिकलेली, उंबऱ्यावर बसून वर्तमानपत्राचा कागद वाचणारी, सासू ओरडली तर डोळे खाली न घालता पाहणारी. तिच्या भावाचं अकोल्यात फळांचं दुकान होतं, आणि तो महादेवला म्हणत होता की इथंच खोली घे, माल अमरावतीहून येत राहील, विकायला तू पाहिजेस. महादेव हे सांगताना आईकडे बघत नसे, ताटाकडे बघत असे. नागपूरचं सरकार सडक डांबरी करणार म्हणतात, तोवर जाऊन-येऊन करू, असं पार्बताबाईनं तेव्हा तोडून टाकलं होतं. मोटार चालत राहिली तर तिचं म्हणणं खरं. मोटार बंद पडत राहिली तर खोली खरी. हिशेब इतका सरळ होता की तिला आपलंच आश्चर्य वाटलं, आपण पुंजारामच्या मागे कशाला फिरलो. आणि तेलही स्वयंपाकघरातलं. एकुलता लेक. खोली म्हणजे आधी सणापुरतं येणं, मग सणालाही न येणं. तिनं हे दुसऱ्यांच्या घरात घडताना पाहिलं होतं, आणि त्या बायांना ती ओट्यावर बसून हसलीही होती.

एका दुपारी तिनं शालूला जवळ बोलावलं. "बांगड्या पाहू वं तुह्या. पिचकली म्हनत होतीस ना एक." शालूनं हात पुढे केला. पार्बताबाईनं तो दोन्ही हातांत धरला, बांगडी फिरवली, मान खाली घातली आणि श्वास आत ओढला. कांदा, राख, आणि त्याखाली जवस. पण नुकतीच जवसाची चटणी कुटली होती. घरातल्या कुठल्या हाताला तो वास नव्हता? तिच्या स्वतःच्याही होता. तरी तिनं हात सोडला नाही. तो हात गरम होता, मनगटाची शीर उडत होती, आणि पार्बताबाईला वाटलं ही भीतीनंच उडते आहे. मान वर केली तर शालू तिच्याकडेच पाहत होती.

"बांगडी डाव्या हाताची पिचकली, आत्याबाई," शालू म्हणाली. "हा उजवा हाये."

तिनं हात काढून घेतला आणि आत गेली. पार्बताबाईला आपली सासू आठवली. तिची सासू तिला रोज सांजेला चुलीपुढे तोंड उघडायला लावायची, गूळ खाल्ला का, तीळ चाखले का ते पाहायला. दिवा जवळ धरायची, इतका की ज्योतीची धग ओठांना लागायची. तेव्हा पार्बता तेरा-चौदा वर्षांची होती, आणि तोंड उघडताना तिला आपण विकायला आणलेलं वासरू आहोत असं वाटायचं. आपल्या सुनेला असं कधी करायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं होतं. आणि नव्हतंच केलं. तिनं दिवा धरला नव्हता. तिनं बांगड्या पाहिल्या होत्या. एवढं स्वतःला सांगून झालं तरी धग काही ओठांवरून जाईना, आणि मग त्या धगीचाही राग तिला शालूवरच आला.

त्यानंतरचे दिवस तिनं ऐकण्यात घालवले. आपल्या खोलीत नवराबायको हळू बोलत होती. हळू का बोलतात? मोठ्यानं बोलली असती तर ही म्हणाली असती, मला ऐकवायला बोलतात. शालू सासऱ्याला जेवण घेऊन मळ्यात जायची आणि यायला वेळ लावायची. कुठं वेळ लागतो? "मामाजी जेवेपर्यंत बसते," म्हणायची. नत्थुजीशी बसून बोलण्यासारखं काय असतं, हे पार्बताबाईला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. घरातलं प्रत्येक साधं काम आता कशावर तरी झाकण घातल्यासारखं दिसू लागलं. पाट हलला तरी तिला गोठ्याचं दार वाटायचं. तिनं मोटारीच्या झाकणाला केसासारखा बारीक दोरा बांधून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो तुटलेला होता, पण महादेवनंही सकाळी झाकण उघडलं होतं. तिला पुरावा नको होता, खरं म्हणजे. तिला फक्त आपलं खरं ठरायला हवं होतं.

मग एका खेपेत मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकापाशी मोटारीला आग लागली. लहानशीच, तार चमकली, तेलानं पेट घेतला, महादेवनं माती आणि धोतर घालून ती विझवली. तो दुसऱ्याच्या दमणीतून घरी आला, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, भुवई जळलेली, आणि त्या जळक्या वासातही खाली जवस होतं. पार्बताबाई अंगणात उभी होती. तिनं आधी लेकाचा हात पाहिला. त्याच्या बोटांच्या कातड्यावर फोड आले होते. लहानपणी तो चुलीतून निखारा उचलायला गेला होता तेव्हा अशीच बोटं तिनं आपल्या तोंडात धरली होती. आता ती तिथंच उभी राहिली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं.

"ये वं शालू, भायेर ये! पाह्य तुह्या हातची करनी. नवरा जाळला असता आज. खोली पाह्यजे ना तुले अकोल्यात? मंग तोंडानं मागाची होती, मोटारीच्या पोटात तेल कायले ओतलं?"

शालू दाराच्या चौकटीत आली. हातात पिठाचं भांडं. तिनं एकदा नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा अंगणाच्या टोकाच्या विहिरीकडे, जिथं नत्थुजी भाज्यांच्या जुड्या भिजवत होता, आणि मग सासूकडे.

"तुमी म्हनता तं असंन," ती म्हणाली.

"असंन म्हंजे? ओतलं का नाई, सांग!"

"म्या काई सांगत नाई."

"माय, चूप राह्य तू!" महादेव इतक्या मोठ्यानं ओरडला की विहिरीवरचा हात थांबला. "बस झालं. मी खोली घेतो. आजच निरोप धाडतो. इथं ह्या पोरीनं श्वास घेतला तरी तुले वास येते."

त्यानं त्याच सांजेला अकोल्याला निरोप धाडला. मिस्त्रीनं मूर्तिजापुरातच नव्या तारा बसवल्या आणि मोटार गोठ्यात आणून सोडली. हात पुरता बरा व्हायची वाटही महादेवनं पाहिली नाही. शालूनं भांडी काढली, दोन गाठोडी बांधली, आणि बांधताना एकदाही रडली नाही, हे पार्बताबाईनं मोजून ठेवलं. न रडणारी बाई गुन्हेगारच असते, असं तिला सकाळी वाटायचं. सांजेला वाटायचं, मी तरी कुठं रडले होते, दिवा तोंडाशी असताना.

जायच्या दिवशी तांबडं फुटल्यावर ती उठली. अंगणात सडा पडायचा होता. गोठ्याचं दार लोटलेलं दिसलं, आणि तिच्या मनात एकदम थंड, जवळजवळ सुखाची लहर आली: सापडली. जाता जाताही सोडलं नाही पोरीनं. ती पाय न वाजवता गेली आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

मोटारीचं झाकण वर होतं. नत्थुजी तिच्यापुढे वाकून उभा होता, मुंडासं काढून खांद्यावर टाकलेलं. इंजिनाच्या कुशीतून वर येतं ते तेलाचं नळकांडं, त्याची टोपी त्यानं काढून गव्हाणीत नीट ठेवली होती. हातात बांबूचा नळा होता, एक तोंड तिरपं कापलेला, वर्षानुवर्षांच्या तेलानं काळा झालेला; बैलांना पाजायचा नळा. त्यातून तो हळूहळू तेल सोडत होता, मध्येच थांबत होता, जणू समोरचं गिळतं आहे की नाही ते बघत होता, आणि दुसरा हात लोखंडावरून वरून खाली, वरून खाली फिरवत होता. "घे माय, घे," तो म्हणत होता. "लांबचा पल्ला हाये. पोट्टं तुह्या भरोशावर हाये माहं. घे."

लांबच्या खेपेआधी बैलाला तेल पाजायचं, हे या घरात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, ते असायचंच. ती नवी नवरी असताना याच दारात उभं राहून तिनं त्याला असंच पाहिलं होतं, बैलाचं तोंड छातीशी धरून, कानाशी बोलताना, आणि तिच्या मनात आलं होतं, हा माझ्याशी इतका कधी बोलणार. तो बोलला नाही. मग तिनंही वाट पाहणं सोडलं आणि घर हातात घेतलं. तिनं दार ढकललं.

तो वळला. दचकला नाही. "थांब वं," म्हणाला, "थोडं राह्यलं."

"कवापासून पाजून राहिले तुमी?"

"बैल गेले तवापासून. तू त्या दिशी ओरडली, मले वाटलं घरातलं तेल गेलं म्हून. मी तं तेल्याकडूनच आनतो, घरातलं घेत नाई." तो नळ्याचं तोंड पुसत म्हणाला. "थांबते ना वाटेत. अशक्त हाये ते. म्हून जास्ती देतो."

तिच्या जिभेवर सगळं आलं. हात जळला तुमच्या लेकाचा. सून चालली घर सोडून. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत लोक पोट धरून हसतील, मोटारीला तेल पाजणाऱ्याला. पण त्याच्या तोंडावर तिनं जे पाहिलं ते तिनं त्या माणसाकडे इतकी वर्षं मागितलंही नव्हतं, आणि ते एका शब्दानं विझेल हे तिला स्पष्ट दिसलं. त्याच्याकडून बैल तिनंच काढून घेतले होते. आता हेही काढून घ्यायचं, आणि पोरासमोर. तिनं टोपी उचलून त्याच्या हातात दिली. "लावा थे. आन पुन्हा पाजू नका. तिले सोसत नाई."

"नाई?"

"नाई. मी सांगते ना."

अंगणात महादेव गाठोडी बाहेर आणत होता, डाव्या हातानं. शालू पदर डोक्यावर घेऊन उभी होती. पार्बताबाई त्यांच्यापुढे गेली. वाटेत तिनं काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हाच तिला कळलं आपण काय म्हणणार.

"गाठोडी ठेव, महादेव. तेल म्याच ओतलं."

"काय?"

"मोटारीत. म्याच. आपुन बैलाले पाजत होतो तसं. मले वाटलं ताकद येईन." तिचा आवाज तिला परका वाटत होता, दुसऱ्याच्या घरातून येणारा. "ह्या पोरीचं काई नाई त्यात."

महादेव तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, हसू की हुंदका ते त्यालाही कळलं नसावं. "मोटारीले तेल पाजलं? तू? आन गल्लीसमोर हिले... माय, तुले लाज नाई वाटली?" शेजारच्या भिंतीवर दोन डोकी दिसत होती. पार्बताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "तरी खोली घेतोच मी," महादेव म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता.

"कायले?" शालू म्हणाली. तिनं गाठोडं खाली ठेवलं. "आत्याबाईनं सगळ्यांपुढं सांगतलं ना. मंग मी कायले जाऊ?" ती दोन पावलं पुढे आली आणि उजवा हात पसरून धरला, तळवा वर. "फक्त तेलाच्या कोठीची किल्ली माह्यापाशी राहू द्या. म्हंजे असं पुन्हा होनार नाई."

"बरोबर बोलली," महादेव म्हणाला. "दे माय."

किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला सासू मेल्यापासून होता. त्याच्या वजनाशिवाय चालणं कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. एक किल्ली त्यातून निघणार नाही, कडी जुनी, गंजलेली. दिला तर सगळा जुडगा द्यावा लागेल, आणि हे शालूला ठाऊक होतं का? पार्बताबाईनं कमरेची गाठ सोडली. गाठ दोनदा निसटली. जुडगा त्या तळव्यावर पडला तेव्हा तळवा खाली वाकला नाही. शालूनं तो मुठीत घेतला, आणि सासूच्या खांद्यापलीकडे गोठ्याच्या दाराकडे पाहून, रोजच्या आवाजात म्हणाली, "मामाजी, हात धुऊन घ्या राखेनं. चहा मांडते."

महादेवला त्यात काही ऐकू आलं नाही. तो चरफडत मोटारीच्या पोटातलं तेल काढायला घमेलं शोधत होता. नत्थुजी विहिरीकडे गेला. पार्बताबाई अंगणाच्या मध्ये उभी होती. म्हणजे हिला माहीत होतं. मळ्यात बसून वेळ लावणारी, तीन घरांसमोर तोंडातून शब्द न काढणारी ही पोरगी सगळं जाणत होती, आणि थांबली होती. म्हाताऱ्याला वाचवायला थांबली होती की ह्या घडीसाठी, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं कदाचित. शालू वळून आत चालली होती. हाक मारली असती तर तिनं मागे पाहिलं असतं. पार्बताबाईनं हाक मारली नाही.